दिवसा भरणा, रात्री उचल

पिंपळगाव बसवंतहून आम्ही बोलतोय.

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटात एकच विषय रंगला. पापड-मसाल्याची पाकिटं दुकानांत पोचवायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची, तर तिच्यासाठी घरावर सोलर बसवायचं का? कर्ज काढायचं म्हणजे हिशेब आधी.

पहिली शंका ज्यांच्या घरावर सोलर बसवायचं त्या ताईंनीच काढली. "ऊन दिवसा, तेव्हा स्कूटर बाहेर. चार्जिंग होणार रात्री. मग सोलरचा उपयोग काय?" शंका रास्त होती. त्यावर उपाय नेट मीटर. दिवसा घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि आपल्या नावे जमा होते. रात्री आपण घेतो, ती वजा होते. अगदी गटाच्या पासबुकासारखं! बिल फरकाचंच येतं; स्थिर आकार मात्र भरावा लागतो.

आता आकडे. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर रोज ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. स्कूटरला रोजच्या ४० किलोमीटरला दीड-दोन युनिट पुरतात. पेट्रोलच्या गाडीला तेवढ्याला लिटरभर पेट्रोल लागतं. उरलेल्या युनिटवर घरचे दिवे-पंखे चालतात.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. ते यंत्रणा बसल्यानंतर बँक खात्यात येतं, म्हणून सुरुवातीच्या पैशांची सोय आधी करावी.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लाईट गेली की बिनबॅटरीचं सोलरही थांबतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही सोय असते. त्यामुळे चार्जिंग शेवटच्या घटकेवर ठेवू नये.

आमचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अर्ज वीजग्राहकाच्या नावानं करायचा असतो, आणि त्या ताईंचं लाईटबिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर! म्हणून आमचं ठरलं: आधी बिलावर ताईंचं नाव, मग सोलर, मग स्कूटर.

तुम्हीही आज घरचं लाईटबिल काढा आणि वरचं नाव वाचा. सुरुवात तिथूनच आहे.