एका बटणाची बाराखडी

मूल बुद्धीनें तल्लख आहे, पण सेरेब्रल पाल्सीमुळें, म्हणजे मेंदूच्या पक्षाघातामुळें, हात आणि वाणी स्वाधीन नाहींत. अशा वेळीं घरचीं माणसें त्याच्या डोळ्यांवरून त्याचें मन ओळखूं लागतात. ही ओळख प्रेमाची खरी. तरी ती दुसऱ्यानें केलेली अटकळच. मुंबईच्या मालिनी चिब यांनीं, याच व्याधीशीं झगडत, एका बोटानें टंकलेलें आत्मचरित्र २०१० सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांचें तें एक बोटही चालत नाहीं, त्यांच्यासाठीं संगणकाच्या पडद्यावरील कळफलकाची योजना आहे.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी क्रमाक्रमानें उजळत जातात. हवी ती ओळ उजळतांच बटण दाबावयाचें. मग त्या ओळींतलें एकेक अक्षर उजळूं लागतें, हवें तें आलें कीं पुन्हा दाबावयाचें. बटण कोपराशीं, पायाशीं, मानेशीं, जो अवयव आज्ञेंत असेल त्याजवळ बसवितात. स्टीफन हॉकिंग यांची वाणी १९८५ सालीं शस्त्रक्रियेनें गेली; प्रथम ते हातांतील बटणानें लिहीत, पुढें हातही निकामी झाल्यावर गालाच्या हालचालीनें. इंटेल कंपनीनें त्यांच्यासाठीं सिद्ध केलेली प्रणाली २०१५ सालीं सर्वांना विनामूल्य खुली झाली.

येथें मराठी मुलाच्या पदरीं एक अनायासें आलेलें धन आहे. आपली व्यंजनें मुळांतच वर्गावर्गांनीं, पांच-पांचांच्या ओळींत बसलेलीं आहेत, आणि तीं त्याला पाठ असतात. सर्व व्यंजनें एका रांगेंत मांडून दर सेकंदाला एक उजळविलें, तर ‘न’ विसाव्या सेकंदास येतो. वर्गांच्या ओळी केल्या तर ‘त’वर्ग चौथा, त्यांत ‘न’ पांचवा. ९ सेकंदांत काम होतें. ‘नागपूर’ या शब्दांतील न, ग, प, र या चार व्यंजनांस, मात्रा सोडून, पहिल्या रीतीनें ७१ सेकंद लागतात, दुसरीनें २७. (‘ग’ला मात्र उलट एक सेकंद अधिक पडतो!) शिवाय कोणती ओळ केव्हां येणार हें आधींच ठाऊक असल्यानें मूल तयारींत राहतें.

विंडोज संगणकांत पडद्यावरचा कळफलक आणि क्रमानें उजळण्याची सोय असतेच. स्पेस-बारनें किंवा माउसच्या बटणानें काम भागतें. परंतु मराठीसाठीं त्यांत येणारी इन्स्क्रिप्टची मांडणी, स्वर डावीकडे नि व्यंजनें उजवीकडे, दोन हातांच्या सोयीची आहे. ज्याला हातच चालवितां येत नाहींत, त्याला तिचें काय होय? त्याला वर्गांची मांडणीच हवी, आणि व्यंजन निवडतांच मात्रांची ओळ आधीं उजळावी.

आरंभीं उजळण्याचा वेग मंद ठेवावा. एक क्षण हुकला कीं पुरी फेरी वाट पाहावी लागते, आणि थकलेल्या मानेला ती फार लांब वाटते. नागपूरच्या उन्हाळ्यांत ‘पा’ उमटतांच घरचें कोणी पेला घेऊन धांवेल. पण मुलाला पाऊस केव्हां येणार, हें विचारावयाचें असेल.