दोन ग्राफिक्स कार्डे : नफा किती, नुकसान किती?

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एका जीन्स कारखानदाराच्या मुलाला गेमिंग पार्लर काढायचे आहे. त्याचा हट्ट असा की, मुख्य कॉम्प्युटरला दोन ग्राफिक्स कार्डे बसवायची. वडिलांनी मला विचारले, "भाईजान, दोन घातली तर काम दुप्पट होईल ना?" मी कपड्याचा व्यापारी, पण भांडवलाचा सवाल होता म्हणून चौकशी केली. तो हिशेब व्यापारी बंधूंपुढे ठेवतो.

पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोन कार्डे जोडण्याची सोय १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू-२ मध्ये होती. पुढे २००४ मध्ये एनव्हिडियाने 'एसएलआय' आणि २००५ मध्ये एटीआयने 'क्रॉसफायर' या नावाने ती आणली. फायदा हा की, एका महागड्या कार्डाला जे झेपत नसे ते दोन मिळून करीत. आज एक घ्यावे, पैसा हाती आला की दुसरे जोडावे, असेही चालत असे.

आता नुकसान पाहू. दोन कारागिरांना एकाआड एक पँट शिवायला दिली आणि दोघांचा हात सारखा चालला नाही, तर कधी दोन नग एकदम येतात, कधी खोळंबा होतो. दोन कार्डेही बहुधा एकाआड एक चित्र काढतात. त्यामुळे वेगाचा आकडा मोठा दिसतो, पण खेळ अडखळतो. शिवाय दोन टेबलांवर कटिंग करायचे तर फर्म्यांचा पूर्ण संच दोन्हीकडे लागतो. तसाच खेळाचा मजकूर दोन्ही कार्डांत भरावा लागतो. म्हणून ८ जीबीची दोन कार्डे खेळासाठी १६ जीबी होत नाहीत.

मुख्य बाब अशी की, आता ही सोय खेळ बनविणाऱ्याने दिली तरच चालते, आणि बहुतेक नव्या खेळांत ती नसते. २०२० च्या आरटीएक्स ३०९० ला जोडपट्टी होती. २०२२ च्या ४०९० ला ती ठेवलीच नाही. म्हणजे दुसरे कार्ड बसून राहते आणि भांडवल अडकते.

विजेचेही पाहा. एक ३०९० पूर्ण कामावर ३५० वॅट घेते. दोन्ही कार्डे रोज ८ तास, महिन्यात २५ दिवस अशी चालली तर नुसत्या कार्डांचेच १४० युनिट होतात. पॉवर सप्लाय, यूपीएस आणि पंख्यांचा खर्च वेगळा.

मग दोन कार्डे कोणाच्या कामाची? ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅमवर ॲनिमेशन बनविणाऱ्यांच्या. तेथे काम बंडलासारखे वाटून देता येते, आणि दुसऱ्या कार्डाची किंमत वसूल होऊ शकते.

लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये इथेरियमचे कार्डांवरील 'मायनिंग' बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. पक्के बिल आणि वॉरंटी नसेल तर स्वस्ताचा मोह टाळावा.

कारखानदार मित्राला मी एवढेच सांगितले : दोन कार्डांच्या एका कॉम्प्युटरवर गिऱ्हाईक एकच बसते. त्याच दोन कार्डांतून दोन कॉम्प्युटर उभे करा, दोन गिऱ्हाइके बसतील.