वह्यांपलीकडची मदत

जून महिना उजाडला, शाळांचे दरवाजे उघडले, की वह्यावाटपाचे समारंभ सुरू होतात. मंडळाचे कार्यकर्ते, एखादा स्थानिक पुढारी, ओळीने उभी केलेली मुले आणि त्यांच्या हातांतील कोऱ्या वह्या, अशा छायाचित्रांची आपल्याला आता सवय झाली आहे. या मदतीची टवाळी करण्याचे कारण नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा नाक्यावर रोज नव्याने काम शोधणाऱ्या मजुराला दोन-तीन मुलांच्या दप्तरांचा खर्च किती जड जातो, हे ज्याने पाहिले आहे तो असे करणारही नाही. प्रश्न एवढाच की, त्या वहीत मूल लिहिणार काय आणि लिहिलेले त्याला वाचता येणार का?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणारी 'असर' ही पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. २०१८ मध्ये पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले आणि २०२४ मध्ये ४९ टक्क्यांच्या जवळ आले. म्हणजे मूल शाळेत आहे, पटावर नाव आहे, हजेरीही लागते. आणि तरीही ते शिक्षणाच्या उंबरठ्याबाहेरच उभे आहे. सुस्थित घरातील मूल असे अडखळले तर आई शेजारी बसते, नाहीतर शिकवणी लावली जाते. गरिबाच्या मुलाला या दोन्हींचा आधार नसतो.

गरीब विद्यार्थ्याला हात देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या कथा आपण ऐकत आलो आहोत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही विकले. १९५५ साली पुण्यात सुरू झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाचा व भोजनाचा भार उचलला. या साऱ्या कार्याचे मर्म देणगीत नव्हते. ते सातत्यात होते. मुलाची जबाबदारी एका दिवसापुरती नव्हे, तर तो आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत घ्यायची, ही त्यामागची भूमिका होती.

हेच सूत्र निराळ्या परिस्थितीत मुंबईत दिसले. १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने प्रथम झोपडवस्त्यांतून बालवाड्या चालविल्या. पुढे वस्तीतीलच शिकलेल्या तरुणींना महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' म्हणून नेमण्यात आले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून रोज सुमारे दोन तास त्यांना पायाभूत वाचन आणि गणित शिकवायचे, एवढेच त्यांचे काम. मुंबई आणि बडोदे येथे २००१ ते २००३ या काळात या प्रयोगाचे काटेकोर मूल्यमापन झाले. मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसून आली. ते मूल्यमापन करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे.

परंतु या कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातील स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले वर्गाला आली, त्यांची प्रगती डोळ्यांत भरणारी होती. पण आली किती? गावातील शंभर मुलांमागे जेमतेम आठ. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यापैकी शंभरांत तेरा. ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच बहुधा वर्गाबाहेर राहिला. यात नवल ते काय? संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी अभ्यासवर्गाला कशी येणार? आणि शिकविणाऱ्या तरुणाचीही परीक्षा जवळ आली किंवा त्याला नोकरी लागली, की वर्ग बंद पडायला वेळ लागत नाही.

तात्पर्य, स्वयंसेवकांची पद्धत निरुपयोगी नाही. अपुरी आहे ती तिची पोच. सर्व मुले हमखास भेटतात ती शाळेतच. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शाळांतील शिक्षकांनीच रोज एक तास मुलांचे इयत्तेनुसार नव्हे, तर वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकविले, तेव्हा भाषेतील प्रगती दिसून आली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानेही प्रत्येक मुलाची कुवत जोखून त्याला आवश्यक ते जादा अध्यापन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र कर्तव्य सांगणाऱ्या शासनाने त्यासाठी वेळही दिला पाहिजे. जनगणना आणि निवडणुकीची कामे तोच कायदा शिक्षकाच्या माथी ठेवतो. त्यांत अहवाल आणि माहिती भरण्याची भर पडते. मग जादा तास घ्यायचा कोणत्या वेळी?

येथे एक धोका ओळखला पाहिजे. स्वयंसेवक आहेत, तेव्हा रिकाम्या शिक्षकपदांची घाई नाही, असे म्हणण्याची सोय शासनाला मिळता कामा नये. सेवाभाव हा हक्काला पूरक असतो. तो हक्काची जागा घेऊ लागला, की गरिबाच्या वाट्याला पुन्हा दयाच येते.

मग कचेरीतून सुटलेल्या कारकुनाने, निवृत्त शिक्षकाने, महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काय करावे? वस्तीजवळच्या शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांच्या संमतीने मागे पडलेली पाच मुले मागून घ्यावीत. आठवड्याचे दोनच दिवस द्यावेत. पण ते वर्षभर द्यावेत. मूल आले नाही तर का आले नाही, याची चौकशी त्याच्या घरी जाऊन करावी. आपल्याला जमत नसेल, तर निघण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती ती मुले सोपवावीत. वर्ग मध्येच मोडला, तर ज्याला जगाने आधीच पुष्कळदा वाऱ्यावर सोडले आहे, त्या मुलाला आणखी एकदा सोडल्यासारखे होते.

वह्या जरूर वाटाव्यात. पण जूनमध्ये वाटलेली वही मार्चमध्ये पुन्हा उघडून पाहावी. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली चार वाक्ये तीत सापडली, तरच आपली मदत त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.