वावरातला टॉवर आणि १८८५ सालचा तार कायदा

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. धुळ्याला ७६५ केव्हीचे उपकेंद्र आहे आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या), वडोदऱ्याच्या दिशेने अतिउच्च दाबाच्या लाइनी गेल्या आहेत. कपाशीच्या वावरांतून त्यांचे लोखंडी टॉवर रांगेने उभे दिसतात. या टॉवरखालची जमीन सहसा संपादित केलेली नसते. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. मग त्याच्या वावरात खड्डे खणून पाया भरायचा हक्क वीज कंपनीला मिळतो कुठून?

तो मिळतो तारेच्या कायद्यातून! इंडियन टेलिग्राफ ॲक्ट, १८८५. शेवटची तार २०१३ च्या जुलैमध्ये गेली आणि तार सेवा कायमची बंद झाली. पण तारेसाठी खांब रोवण्याचा जो अधिकार इंग्रज सरकारने स्वतःकडे घेतला होता, तो तारेबरोबर गेला नाही. २००३ च्या वीज कायद्यातले १६४ वे कलम सांगते की, सरकार आदेश काढून वीजवाहिनी टाकणाऱ्या कंपनीला तार खात्याचे हे अधिकार बहाल करू शकते. एका आदेशाने वीज कंपनी १८८५ च्या तार खात्याच्या जागी उभी राहते.

हा कायदा झाला तेव्हा टेलिफोनचा शोध लागून नऊच वर्षे झाली होती. बिनतारी संदेश अजून रूढ झालेले नव्हते. राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना त्याच वर्षाच्या डिसेंबरातली. अशा काळात लिहिलेले दहावे कलम म्हणते, तार खाते कोणाच्याही स्थावर मिळकतीवरून तार नेऊ शकते, तिच्यात खांब रोवू शकते. जमिनीची मालकी मात्र खात्याला मिळणार नाही, मिळेल तो फक्त वापराचा हक्क. नुकसान होईल तितके कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. मालकाने अडवले तर सोळावे कलम पुढे येते. जिल्हा दंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम देऊ शकतो, आणि भरपाईच्या रकमेवर वाद झाला तर तो जिल्हा न्यायाधीशापुढे जातो. मालकाची संमती घेण्याची अट या कलमांत नाही.

कायद्याने डोळ्यांसमोर धरलेला खांब बांधावरच्या बाभळीएवढी जागा अडवणारा होता. ७६५ केव्हीच्या लाइनीखाली ६० मीटरहून रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तिथे उंच झाड वाढू देत नाहीत, घर बांधता येत नाही. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पण कलम तेच. हे अंतर भरून काढायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. २०१५ मध्ये टॉवरच्या पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के भरपाई सुचवली गेली, २०२४ मध्ये ती २०० टक्क्यांवर नेली.

दूरसंचारातही हेच घडत गेले. टेलिफोन आला, मोबाइल आला, इंटरनेट आले, आणि प्रत्येक वेळी परवाना मिळाला तो याच तार कायद्याखाली. या कायद्याच्या जागी नवा आणायचे ठरले तेव्हा, २०२२ च्या जुलैमध्ये, दूरसंचार विभागाने विचारविनिमयासाठी टिपण प्रसिद्ध केले आणि नवी कायदेशीर चौकट कशी असावी, हे लोकांना विचारले. २१ सप्टेंबरला विधेयकाचा मसुदा खुला झाला. हरकती-सूचनांची मुदत आधी २० ऑक्टोबरपर्यंत होती, ती वाढत १० नोव्हेंबरपर्यंत गेली. ज्या कायद्याने १३७ वर्षे राज्य केले, त्याच्या वारसाच्या मसुद्यावर बोलायला नागरिकाला मिळाले ते सुमारे सात आठवडे.

तेवढ्या अवधीतही फरक पडला. मसुद्यात व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांना दूरसंचाराच्या व्याख्येत थेट नाव घेऊन बसवले होते. त्यावर खूप आक्षेप आले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या विधेयकातून तो थेट उल्लेख गेला होता. लोकसभेने २० डिसेंबरला आणि राज्यसभेने २१ डिसेंबरला ते मंजूर केले, २४ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

खासगी जमिनीबद्दल नव्या कायद्याची भाषा बदलली आहे. दूरसंचार कंपनीने आधी मालकाकडे अर्ज करायचा, मोबदला दोघांनी मिळून ठरवायचा, करार करायचा. करार जमला नाही आणि सरकारला ते काम लोकहितासाठी आवश्यक वाटले, तरच सरकार मध्ये पडू शकते. मालकाशी बोलणे ही आता पहिली पायरी आहे.

पण याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. जुना तार कायदा रद्द केला, तरी त्याचा तिसरा भाग, म्हणजे खांब रोवण्याच्या अधिकाराचा भाग, वीजवाहिन्यांसाठी चालूच राहील. म्हणजे एकाच वावरात एका कोपऱ्यात मोबाइलचा टॉवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात विजेचा टॉवर उभा राहायचा असेल, तर पहिल्यासाठी २०२३ चा कायदा शेतकऱ्याशी बोलायला सांगतो आणि दुसऱ्यासाठी १८८५ चे कलम अजून हुकमाची भाषा बोलते. जमीन एक, मालक एक, कायद्यांच्या वयात मात्र १३८ वर्षांचे अंतर!

विचारविनिमय वावरापर्यंत पोहोचला पाहिजे तो याचसाठी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो, त्याचा सोप्या भाषेतला खुलासा द्यायचा असतो आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करायचा असतो. भाषेचा प्रश्नही न्यायालयात जाऊन आला आहे. २०२० मध्ये पर्यावरणविषयक अधिसूचनेचा मसुदा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. त्या बावीसांत मराठी आहे.

नवा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्याखालच्या नियमांचे मसुदे राजपत्रात येतात आणि हरकतींसाठी ३० दिवस देतात. पुढचा मसुदा आला की तो गावातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या, मराठीत नसेल तर मराठीत मागा आणि आपल्या जमिनीचा अनुभव लिहून पाठवा. विजेच्या टॉवरसाठीही संमतीची पायरी हवी, हे ज्यांच्या शेतात टॉवर उभे आहेत त्यांनीच सांगायला हवे. तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपल्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने आपल्याला दिला आहे. तो वापरा.