दत्तक घेतांना मार्ग कोणता धरावा?

मूल नसलेल्या घरांत दत्तक घ्यावयाचें ठरलें, कीं तें कोणाचें घ्यावें हा प्रश्न बहुधा माजघरांतच सुटतो. धाकट्या दिराला दोन मुलगे आहेत, त्यांतला एक ओटींत घ्यावा, म्हणजे रक्तहि घरचें आणि गोत्रहि घरचें, असें वडीलधारीं माणसें ठरवितात. ज्या दांपत्यानें तें मूल वाढवावयाचें त्यास विचारण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते. आमच्या मतें हा निर्णय इतका सोपा नाहीं. कायद्यानें आज दोन मार्ग मोकळे ठेविले आहेत, आणि त्या दोहोंतून येणाऱ्या मुलांचें बाळपण सारखें जात नाहीं.

सपिंडांतील मूल घ्यावें या समजुतीस शास्त्राचा आधार आहे. धर्मशास्त्रांत सांगितलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांपैकीं कलियुगासाठीं निबंधकारांनीं औरस व दत्तक हे दोनच ठेविले, आणि नंदपंडितानें 'दत्तकमीमांसें'त जवळच्या सपिंडाला अग्रमान दिला. परंतु तेथें मुख्य हेतु पिंडोदकाचा व वंशाच्या नांवाचा. पोरक्या जीवाला घर मिळावें, हा नव्हे. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें हा पाया पुष्कळसा बदलला. मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली. दत्तहोम आवश्यक राहिला नाहीं. प्रत्यक्ष देणेंघेणें मात्र झालेंच पाहिजे. निराळी रूढि नसेल तर मूल अविवाहित व पंधरा वर्षांच्या आंतील हवें. मुलगा घेणारास पुत्र, पौत्र किंवा प्रपौत्र हयात नसावा. मोबदला देणें व घेणें हे दोन्ही गुन्हे आहेत. उभयपक्षांच्या सह्यांचें दत्तपत्र नोंदवून ठेवावें. पुढें वाद निघाल्यास तेंच उपयोगीं पडतें.

दत्तविधान झालें कीं विवाहाचा निषेध तेवढा वगळून मुलाचा जनककुळाशीं संबंध तुटतो, असें कायदा म्हणतो. कागदावर तो तुटतो खरा; पण जन्मदात्री त्याच वाड्यांत, जिन्याच्या पलीकडच्या खोलींत राहत असेल तर? दोन्ही पित्यांचा पुत्र म्हणून शास्त्रांत 'द्व्यामुष्यायण' सांगितला आहे, पण तो उभयतांच्या कराराने होई. आमच्या घरांतून करारावांचूनच असे द्व्यामुष्यायण तयार होत असतात. वर्गांत अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. शाळेच्या पटावर एका बापाचें नांव, आणि प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आणावी याचा घोळ! एका घरीं बोलणीं बसलीं कीं दुसऱ्या घरीं जेवावयास जावें. आणि पुढें भावाभावांत वांटणीवरून बिनसलें, कीं 'आमचा मुलगा परत द्या' ही भाषा सुरू. यथाविधि झालेलें दत्तक कोणासहि मोडतां येत नाहीं, हें त्या वेळीं सांगून समजत नाहीं.

भावाचें मूल आईबापांवांचून उघडें पडलें असेल तर गोष्ट निराळी. तेथें विलंब करूं नये. मात्र त्या वेळीं पालकानें न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच मूल द्यावें लागतें.

दुसरा मार्ग संस्थेचा. येथें घरांतली पहिली शंका, 'कूळ कोणतें?' जोतीराव फुले यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, तें विधवांच्या अर्भकांसाठीं. पुढें पंढरपुरासहि असा बालकाश्रम निघाला. तेथें येणाऱ्या स्त्रियांत ब्राह्मण विधवा होत्या. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानें आपला म्हणून वाढविला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेस उभा राहिला. ज्या अर्भकांचें कूळ विचारून आमचीं घरें मान फिरवीत होतीं, त्यांतलीं कित्येक आमच्याच माजघरांतून बाहेर पडलेलीं होतीं.

हा मार्ग आज २०१५ च्या बालन्याय कायद्यानें व २०२२ च्या नियमांनीं चालतो. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे संगणकावर नांव नोंदवावें लागतें. नंतर समाजसेवक घरीं येऊन चौकशी करितो, आणि पाळी आली कीं मुलाची माहिती मिळते. अखेरची आज्ञा पूर्वीं न्यायालय देई, ती सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. दोन वर्षांच्या आंतील मूल हवें असेल तर पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठीं ती १०० पर्यंत चालते. तान्ह्या मुलासाठीं कित्येक वर्षें थांबावें लागतें. सहासात वर्षांच्या मुलांना मात्र विचारणारेच थोडे, आणि आमच्या मतें चाळिशी उलटलेल्या दांपत्यानें तिकडेच पाहावें. शाळेंत जाणारें मूल दोन वर्षें रुसेल, पण त्याला आपण येथें कां आलों हें ठाऊक असतें.

ही प्रतीक्षा टाळण्यासाठीं एखाद्या प्रसूतिगृहांतून परस्पर मूल आणून देणारा मध्यस्थ भेटतो. त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावें. असें मूल घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. आणि मूलहि हातचें जातें.

संस्थेंतून मूल आणल्यावर दोन वर्षेंपर्यंत चौकशीस माणूस येत असतो. आजींनीं त्याला पाहुण्यासारखा चहा द्यावा आणि मूल दत्तक आहे हें त्याच्यापासून व शेजाऱ्यांपासून लपविण्याच्या खटपटीस लागूं नये; मुंजीच्या वयाच्या पुष्कळ आधीं तें आईबापांच्याच तोंडून मुलाच्या कानीं पडलेलें असावें.