तेल्या, खैऱ्या, घाण्या

डाळिंबाचं डागाळलेलं पान उजेडाकडे धरलं, की डाग तेल सांडलेल्या कागदासारखा दिसतो. म्हणून तेल्या. राहाता, संगमनेर, पाथर्डीकडच्या बागायतदाराला तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. फळावर आला तर काळपट डाग मधोमध तडकतो आणि तडा बहुधा 'वाय' किंवा 'एल' या इंग्रजी अक्षरांसारखा जातो. अडत्याच्या लेखी ते फळ तिथंच संपलं.

डाग बुरशीचा की जिवाणूचा, अशी शंका आलीच, तर एक जुनी आणि स्वस्त चाचणी आहे. डागाच्या कडेचा, रोगट आणि हिरवा असे दोन्ही भाग येतील असा बारीक तुकडा ब्लेडनं कापायचा, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. बुरशी असेल तर धागे किंवा बीजाणू दिसतात. जिवाणू असतील, तर कापलेल्या कडेतून थेंबात धूर निघू लागतो. उदबत्तीचा निघतो तसाच, फक्त पाण्यात. तो धूर म्हणजे पानातून बाहेर पडणारी जिवाणूंची फौज. हा धूर एकदा पाहिलेला माणूस नुसत्या बुरशीनाशकाच्या भरवशावर तेल्याशी लढायला जात नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण दोघांवरही चालतं, कारण तांबं दोघांनाही बाधतं.

धुरातला एकेक कण म्हणजे आखूड, दोन्ही टोकांना गोलसर दांडी. लांबी साधारण दीड मायक्रोमीटर, म्हणजे अशा साडेसहाशे दांड्या ओळीनं मांडल्या तर कुठं एक मिलिमीटर भरेल. एका टोकाला एकच लांब शेपूट, कशाभिका. ती मळसूत्रासारखी फिरवत हा प्राणी (प्राणी म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं) पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत पर्णरंध्रापर्यंत किंवा एखाद्या ओरखड्यापर्यंत जातो. म्हणून तर पावसात सापडणारा मृग बहार तेल्याला सोयीचा आणि म्हणूनच कित्येकांनी मृग सोडून हस्त किंवा आंबिया बहार धरला. दांडीच्या आत वेगळं केंद्रक नाही. गुणसूत्राचा गुंता मोकळाच पडलेला, भोवती प्रथिनं बनवणारे रायबोसोम. पण अंगावर एक हत्यार आहे. सुईसारख्या पोकळ नळीतून तो स्वतःची प्रथिनं झाडाच्या पेशीत टोचतो आणि झाडाची राखण आतूनच ढिली करतो.

जिवाणूंची पहिली व्यवस्थित वर्गवारी झाली ती अशा आकारांवरूनच. १८७२ साली ब्रेस्लाऊच्या फर्डिनंड कोन यांनी गोल, आखूड दांड्या, लांब दांड्या आणि मळसूत्री असे गट पाडले. आपल्या शालेय पुस्तकातले गोलाणू, दंडाणू आणि स्वल्पविरामासारखा वाकडा पटकीचा जिवाणू हे त्याच परंपरेतले. कोन यांच्या हाताशी डोळा आणि भिंग एवढंच होतं. त्यात जे मावलं ते त्यांनी मांडलं. आणि आकार अंगभूत असतो, परिस्थितीनुसार पालटत नाही, हा त्यांचा आग्रह त्या काळी मोठं धाडस होतं.

पुढचं पाऊल रंगानं टाकलं. १८८४ साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं फुफ्फुसातले जिवाणू उठून दिसावेत म्हणून एक युक्ती केली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं. काही जिवाणू जांभळेच राहिले, काहींचा रंग धुऊन गेला. अशांना आता शेवटी लाल रंग देतात. असं का होतं हे खुद्द ग्राम यांना ठाऊक नव्हतं. उत्तर अंगावरच्या पांघरुणात आहे. जांभळ्या राहणाऱ्यांनी जाड गोधडी घेतलेली असते. अल्कोहोलनं ती आवळते आणि रंग आत अडकतो. रंग सोडणाऱ्यांकडे गोधडीऐवजी पातळ चादर असते, पण वरून आणखी एक स्निग्ध पटल, जणू रेनकोट. अल्कोहोल रेनकोट विरघळवतो, पातळ चादरीतून रंग निसटतो. हा भेद नुसता दिसण्याचा नाही. त्या रेनकोटातून कितीतरी औषधं आत शिरूच शकत नाहीत. तेल्याचा जिवाणू रेनकोटवाला.

आता श्रीगोंद्याला जाऊ. तिथं लिंबू, आणि लिंबावर खैऱ्या. पानावर, काडीवर, फळावर तपकिरी, खरबरीत, बुचासारखे फोड आणि पानावर त्याभोवती पिवळं कडं. चव तीच, रस तोच, पण बाजारात भाव पडतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेल्या 'साई सरबती' या वाणाचं कौतुक होतं त्याचं एक कारण, तो खैऱ्याला बऱ्यापैकी सोसतो. तेल्याचा तेलकट डाग आणि खैऱ्याचा खरबरीत फोड शेजारी ठेवले, तर या दोघांचं काही नातं असेल असं कुणाला वाटणार नाही. पण दोघांतले जिवाणू काचपट्टीवर घ्या: तीच दांडी, तीच एक शेपूट, तोच रेनकोट. बशीत वाढवा: दोघांच्याही वसाहती पिवळ्या, चकचकीत, चिकट. डोळ्याला फरक सांगता येत नाही. 'झँथोमोनास' या नावातलं 'झँथो' म्हणजे तोच पिवळा रंग.

मग यांना वेगळं म्हणायचं की एक? या प्रश्नानं शास्त्रज्ञांना शंभर वर्षं दमवलं. खैऱ्या जिवाणूमुळे होतो हे अमेरिकेत क्लारा हासे यांनी १९१५ साली दाखवलं आणि त्याला स्यूडोमोनास सिट्री म्हटलं. १९३९ साली तो झँथोमोनास सिट्री झाला. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रयोगशाळेत या पिवळ्या मंडळींत फरकच दिसत नाही. मग १९८० च्या सुमारास शेकडो प्रकार कँपेस्ट्रिस या एकाच जातीत कोंबले आणि कोणत्या पिकावर पडतो त्यावरून पोटनाव दिलं. १९९५ मध्ये डीएनए जुळवून पाहिला आणि खैऱ्या अ‍ॅक्सोनोपोडिस जातीत गेला. त्यानंतर आणखी बारीक तपासणी झाली आणि तो परत सिट्री. डाळिंबावरचा हा रोग भारतात दिल्लीहून १९५२ साली नोंदवला गेला. त्याचा जिवाणूही कँपेस्ट्रिस, अ‍ॅक्सोनोपोडिस करत अलीकडच्या वर्गीकरणात सिट्री जातीतच येऊन बसला आहे. म्हणजे श्रीगोंद्याचा खैऱ्या आणि राहात्याचा तेल्या एकाच घरचे. एकानं लिंबू धरलं, दुसऱ्यानं डाळिंब. नावं बदलण्याचं नगरकरांना नवल नाही. २०२४ साली हा सगळा नगर जिल्हा अहिल्यानगर झाला, तरी मनमाडहून एसटीत बसलेला अजून "नगरला चाललोय" म्हणतो.

आकारावर फार भिस्त ठेवू नये, याचा पुरावा हवा असेल तर गोठ्यामागच्या घासाच्या वाफ्यात आहे. लसूणघास मुळासकट उपटला, की मुळांवर बारीक गाठी दिसतात. चांगली गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी निघते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ तिथं असतो. त्या गाठीत राहून हवेतला नत्र पकडणारा जिवाणू मातीत असतो तेव्हा साधी दांडी असतो. गाठीत शिरला, की घास त्याला काही प्रथिनं चारतो आणि तो फुगून मूळच्या कित्येक पट लांब होतो. एकदा असा झाला की त्याचं विभाजन होत नाही. नत्र पकडायचा आणि तिथंच संपायचं. सोयाबीनच्या गाठीत मात्र तिथला जिवाणू जवळजवळ दांडीच राहतो. आकार ठरवतंय कोण, तर यजमान. उलटा घोटाळाही झाला आहे. मातीत धाग्यांच्या जाळ्यासारखा वाढणारा स्ट्रेप्टोमायसिस बुरशीसारखा दिसतो म्हणून त्याच्या नावातच 'बुरशी' चिकटली, पण आहे तो जिवाणू. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास बराचसा त्याचाच आणि डाळिंबावर पूर्वी फवारलं जायचं ते स्ट्रेप्टोमायसिनही त्याचंच.

गोल जिवाणू या जिल्ह्यात पाहायचे तर गळीत हंगामात साखर कारखान्यावर. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हापासून ऊसतोडीच्या टोळ्या, नंबराची वाट पाहणाऱ्या गाड्या आणि शिळा होणारा ऊस हे ठरलेलं. तोडलेल्या टोकातून, विशेषतः जळीत उसात, ल्यूकोनोस्टॉक शिरतो: गोल, थोडा लांबट, जोडीनं किंवा माळेनं राहणारा, गोधडीवाला. तो साखरेचे दोन तुकडे करतो आणि त्यातल्या ग्लुकोजची लांब साखळी ओवतो. तिचं नाव डेक्स्ट्रन. रस चिकट होतो, गाळणी तुंबते, दाणे चौकोनी न होता लांबट, सुईसारखे निघतात आणि उतारा घसरतो.

याच चिकट्याला अमेरिकेत वेगळं नशीब मिळालं. इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स या रसायनतज्ज्ञ होत्या. एका कंपनीनं 'आमचं शीतपेय बुळबुळीत झालं' म्हणून नमुना आणून दिला. त्यात ल्यूकोनोस्टॉक निघाला. त्याचं डेक्स्ट्रन शुद्ध करून कोरियन युद्धात जखमींना रक्तद्रवाच्या जागी देता आलं. पुढे त्याच प्रयोगशाळेत कोबीवरच्या घाण्या रोगाचा, म्हणजे काळ्या कुजीचा, जिवाणू हाती आला. झँथोमोनास कँपेस्ट्रिस, तेल्या-खैऱ्याचा चुलतभाऊ. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीला झँथन गम म्हणतात आणि १९६९ साली अमेरिकेत ती खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावर सॉसची बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचून पाहा. आयएनएस ४१५ असं लिहिलेलं सापडलं, तर तो घाण्याच.