मोबाईलवर जिंकणारं पोरगं स्पर्धेत का हरतं?

२८ जुलै २०२५ ला आपल्या विदर्भातल्या, नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला. तिथं घड्याळही खेळत असतं.

मोबाईलवर शिकलेल्या पोरांचं पहिल्या स्पर्धेत इथंच बिघडतं. चाली त्याच, पण हाताच्या सवयी वेगळ्या.

मोबाईलवर घोड्यावर बोट ठेवून मन बदललं तरी चालतं. स्पर्धेत हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं. समोरच्याच्या मोहऱ्याला लावला, तर मारता येत असेल तर मारावं लागतं. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आपली चाल असताना आधी सांगा, मग हात लावा. कॅसलिंग करताना आधी राजा उचला. हत्तीला आधी हात लागला की त्या बाजूचं कॅसलिंग गेलं, हत्तीच चालवा!

दुसरं म्हणजे, चुकीची चाल मोबाईल होऊच देत नाही. पट होऊ देतो. राजाला शह आहे अन् तुम्ही भलतीच चाल करून घड्याळ दाबलं, तर पंच समोरच्याला २ मिनिटं जास्त देतात. दुसऱ्यांदा झालं की डाव गेला. घड्याळही ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं.

आणि तो फोन? खेळताना खिशात सापडला तर नियमाने डाव हरलात, वाजलाच पाहिजे असं नाही. घरच्यांकडे देऊन बसा.

एवढं कशासाठी? रेटिंगसाठी. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव झाले की आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळू शकतं, ते १४०० च्या खाली नसतं. समजा, १५०० रेटिंगच्या शाळकरी पोराने १७०० वाल्याला हरवलं, तर साधारण ३० गुण वाढतात. बरोबरी झाली तर १०. हरलं तरी जेमतेम १० जातात. म्हणून समोर मोठं रेटिंग दिसलं की पाचव्या चालीलाच बरोबरी मागत बसू नका. मागायचीच असेल तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा.